जाळीमागची आग

इंग्लंडांत हिवाळा आला कीं घरोघरीं भिंतींतील उघडी आगटी पेटे, आणि तिच्या ज्वाळांनीं अंगावरचे कपडे पेटून लहान मुलें भाजत. १९०८ च्या बालकविषयक कायद्यानें या प्रश्नास हात घातला. पुरेशी जाळी नसलेल्या आगटीच्या खोलींत सात वर्षांखालील मूल योग्य खबरदारीवांचून राहूं दिलें, आणि तें दगावलें अगर गंभीर भाजलें, तर सांभाळणारास १० पौंडांपर्यंत दंड ठरला.

हेतु थोर होता. परंतु हा न्याय घाव बसल्यानंतरचा. जाळी घेण्याची ऐपत नसलेल्या मातेस पुत्रशोकावर दंडाचा भार, एवढेंच त्याचें फळ.

१९५२ सालीं दुसरी वाट निघाली. दंडाच्या कलमांतील वयोमर्यादा सातांवरून बारा वर्षांवर गेली. पण खरें पाऊल निराळें होतें. भाजण्याचा संभव असलेली विजेची, गॅसची वा तेलाची घरगुती शेगडी संरक्षक जाळीवांचून विकण्यास त्याच वर्षीं दुसऱ्या कायद्यानें बंदी केली. जबाबदारी घरांतून दुकानांत गेली.

मातेची दृष्टि कामाच्या धांदलींत क्षणभर ढळतेच. बसविलेली जाळी मात्र जागची हलत नाहीं.