वायुगळती चाचणी (घरे)

वायुगळती चाचणी ही बंद घराच्या भिंती, छत आणि दारे-खिडक्यांमधील फटींतून किती हवा आत-बाहेर जाते हे मोजण्याची पद्धत होय. घर थंड किंवा उबदार ठेवण्यासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेचा काही वाटा या फटींतून वाया जातो. ही चाचणी थंड हवामानाच्या देशांत विकसित झाली. उन्हाळ्यात ज्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिचे निकष जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पद्धत

सर्व दारे-खिडक्या बंद करून बाहेरच्या एका दारात हवाबंद कापड ताणलेली चौकट व वेग बदलता येणारा पंखा बसवतात. पंख्याने हवा बाहेर खेचून आतील व बाहेरील दाबांत ५० पास्कलचा फरक निर्माण केला जातो. हा फरक सुमारे ५ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका असतो. तो टिकवण्यासाठी पंख्यातून जेवढी हवा बाहेर जाते, तेवढीच फटींतून आत येते. या ताशी प्रवाहाला घराच्या घनफळाने भागले असता ताशी हवाबदलांची संख्या मिळते. उदाहरणार्थ, ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ३६ घनमीटर असते; प्रवाह ताशी ३६० घनमीटर असल्यास ही संख्या १० येते. जर्मनीत उगम पावलेल्या ‘पॅसिव्हहाऊस’ मानकानुसार ती ०.६ पेक्षा अधिक असू नये. पंखा चालू असताना उदबत्तीचा धूर चौकटी, वीजफलक व छताच्या कडांजवळ नेल्यास गळतीची नेमकी जागा कळते.

या चाचणीचा प्रसार १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला. स्वीडनमध्ये पंखा खिडकीत बसवत असत. पुढे अमेरिकेत तो दारात बसवण्याची रीत रूढ झाली.

परभणी जिल्ह्यातील घरे

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे उष्णतेला तोंड देत ती जाड भिंतींच्या व मातीच्या छताच्या बळावर. दिवसा शोषलेली उष्णता या भिंती सावकाश, रात्री सोडतात. छतातील साणे मात्र मुद्दाम उघडे ठेवलेले असते. त्यातून उजेड येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. चाचणीच्या भाषेत साणे ही मोठी गळतीच ठरेल, परंतु तिला दोष म्हणणे योग्य नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो लोक दगावले. अशा घरांवरचा विश्वास त्यामुळे डळमळला. त्यांच्या जागी येणाऱ्या पत्र्याच्या घरांत भिंत व पत्रा यांमधील फट ही गळतीची ठळक जागा असते. तरीही तेथे उकाड्याचे मुख्य कारण तापलेला पत्रा असतो. केवळ फट बुजवून तो कमी होत नाही. जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असल्यास या हालचालीने भिंतींना तडे जातात आणि पक्क्या घरांतही नव्या वाटा तयार होतात.

थंडाव्याचे साधन कोणते, यावरही चाचणीचा उपयोग अवलंबून असतो. वातानुकूलन यंत्राच्या खोलीत फटी बुजवल्याने विजेची बचत होते. कूलरचे तसे नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो. ती बाहेर पडण्यास समोर खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा कोंडतो व गारवा नाहीसा होतो.

भारतीय नियम

ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इको-निवास संहिते’च्या पहिल्या भागात घरांसाठी ही चाचणी बंधनकारक नाही. उलट, त्यात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे चटईक्षेत्राशी किमान प्रमाण ठरवलेले आहे: उष्ण-कोरड्या हवामानासाठी १० टक्के, उष्ण-दमट हवामानासाठी १६.६६ टक्के. छताच्या उष्णतारोधनाचीही मर्यादा त्यात आहे.

सुरक्षितता

चाचणीपूर्वी चूल, शेगडी व गॅसची उपकरणे विझवणे आवश्यक असते, कारण पंखा हवा बाहेर खेचत असताना धूर व राख खोलीत ओढली जाते. ज्या घरात चूल किंवा कोळशाची शेगडी पेटते, तेथे धूर जाण्यासाठी स्वतंत्र मार्ग केल्याशिवाय फटी बुजवू नयेत. कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू साचून जीवितास धोका उत्पन्न होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हीच सावधगिरी लागू होते.