नव्वदीला काय म्हणावे?

गेल्या वर्षी आपल्या उत्सवात ज्येष्ठांचा सत्कार ठरला आणि मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. रेल्वेतल्या माणसाचे अक्षर बरे असते, असा समितीचा समज! पंचाहत्तरीच्या काकांसाठी 'अमृतमहोत्सव', एक्क्याऐंशीच्या काकूंसाठी 'सहस्रचंद्रदर्शन' हे शब्द तयारच होते. अडलो ते एका सभासदाच्या ९२ वर्षांच्या आईपाशी.

मराठीत वयाच्या शब्दांना तोटा नाही. गद्धेपंचविशीतल्या चुका घरचे पोटात घालतात. 'चाळिशी' म्हणजे वय आणि त्या वयात लागणारा चष्माही. माझ्या दोन्ही सुरू आहेत. साठीला 'बुद्धी नाठी'चा टोमणा, तर हिंदीत त्याच साठीवरून 'सठियाना'. पुढे सत्तरी, ऐंशी, नव्वदी ही नुसती मोजदाद. 'शंभरी भरली' असे तर कौतुकाने म्हणायचीही सोय नाही, शिशुपाल आठवतो!

कारण उघड आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यूंमुळे ती सरासरी खाली दिसे हे खरे, तरी नव्वदी गाठणारा गावात विरळाच. शास्त्राने मात्र आशा सोडली नव्हती. पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री अशा शांती सांगितल्या आहेत. नव्वदीची शांती 'कालस्वरूप सौरी'. हे मानपत्रावर लिहू का, असे विचारताच समितीने हात जोडले.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशोब मला विशेष आवडतो. दोन पौर्णिमांमधले अंतर साधारण २९.५३ दिवस, हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षे १० महिने. जपानी लोकांची गंमत वेगळी. तिकडे नव्वदीला 'सोत्सुजु' म्हणतात आणि नव्याण्णवला 'हाकुजु', म्हणजे पांढरे वय. त्यांच्या लिपीतल्या 'शंभर' या अक्षराची वरची एक रेघ काढली की 'पांढरा' हे अक्षर उरते!

आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. महिला विद्यापीठ काढले ते १९१६ साली, ५८ वर्षांचे असताना. आपण त्या वयात पेन्शनची कागदपत्रे गोळा करतो. नव्वदी ओलांडल्यावर १९५५ मध्ये पद्मविभूषण, शंभराव्या वाढदिवसाच्या वर्षी १९५८ मध्ये भारतरत्न आणि त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा वय १०४ होते. लोकांनी त्यांना 'महर्षी' म्हटले, जवळच्यांनी 'अण्णा'. वयाचा शब्द कुणाला लागलाच नाही.

माझ्या पंजाबी सहकाऱ्याला अडचण सांगितली, तर तो म्हणाला, "सयाने लिख दो जी!" त्यांच्याकडे सयाना म्हणजे वडीलधाराही आणि शहाणाही. शब्द लाख मोलाचा, पण मराठीत 'शहाण्या आजी' लिहिले तर आजी रागावायच्या.

अखेर 'नव्वदी पार केलेल्या आजींस, वय वर्षे ९२' असे साधेच लिहिले. सत्काराच्या दिवशी आजींनी मानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचले आणि मला जवळ बोलावले. म्हणाल्या, "अरे, अधिक महिने धरले नाहीस." घरी येऊन गणित केले. ९२ वर्षांत ३४ अधिक मास येतात. त्या हिशोबाने आजींना पंच्याण्णवावे चालू होते.