डोक्यावर आकाश किती?

कर्जतहून बोरघाट चढताना मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका बघा. बोगद्यात तो थबकतो, दरी उघडली की पुन्हा धावू लागतो. ‘जीपीएस गेले’ असे आपण म्हणतो. पण याच लपंडावातून डोक्यावरचे आकाश किती मोकळे आहे, हे मोजता येते.

डोंगरांत मोजणीला मोकळी नजर लागते, हा धडा जुना. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एका ठाण्यावरून दुसरे दिसावे म्हणून आड येणारी झाडे तोडत. १९२४ मध्ये इंग्लंडच्या रॉबिन हिल यांनी ढग टिपण्यासाठी सबंध आकाश एका चित्रात मावेल असे भिंग घडवले. पुढे तशाच भिंगाने वनशास्त्रज्ञ पानांआडचे आकाश मोजू लागले.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला. १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण झाली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. डोंगर आणि झाडे यांनी होणारी चूक मात्र राहिली.

तीच इथे कामाला येते. कोणता उपग्रह केव्हा कुठे असणार, हे आधीच ठाऊक असते. तिथून संकेत खणखणीत आला तर ती दिशा मोकळी; क्षीण आला तर मध्ये पाने असावीत; आलाच नाही तर बहुधा कडा. यंत्र काही तास एका जागी ठेवले, की सरकणारे उपग्रह आकाशाचा बराचसा घुमट चाचपून देतात. आपल्याकडे उत्तर क्षितिजालगतचा थोडा भाग तेवढा सुटतो, कारण जीपीएसचे उपग्रह तिकडून जात नाहीत.

याचे मोल कुणाला? कर्जत-खालापुरात ठाकर, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर राज्यात अशा कुटुंबांच्या दाव्यांसाठी जीपीएस मोजणी होऊ लागली. नाचणी-वरीचा वीस गुंठ्यांचा चौकोनी वरकस तुकडा धरा. त्याची एक बाजू पाच मीटर आत सरकली, तर सव्वादोन गुंठे जातात! कड्याखाली, दाट झाडीत एवढी चूक सहज होते. म्हणून हद्दीचा आकडा कागदावर चढवण्याआधी यंत्राला विचारावे, ‘बाबा रे, तुला इथून आकाश किती दिसले?’ उत्तर ‘थोडेच’ असेल, तर पुन्हा मोजावे, नाहीतर सरळ साखळी ओढावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)