ना प्रवचन, ना पाद्री: मेणबत्तीच्या उजेडातली तेझेची प्रार्थना नेमकी काय असते?

दरवर्षी नाताळ संपला की युरोपातल्या एखाद्या शहरात हजारो तरुण-तरुणी पाठीवर सॅक अडकवून जमतात. राहायला हॉटेल नाही, तिथल्याच कुटुंबांची घरं. ३१ डिसेंबरच्या रात्री आधी चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना होते, नाचगाणी त्यानंतर. असा पहिला मेळावा १९७८ साली पॅरिसमध्ये भरला. २०२४ साली एस्टोनियाच्या टॅलिनमध्ये. आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस मद्रासमध्येही असंच एक संमेलन झालं होतं.

हे सगळं घडवून आणतो फ्रान्समधल्या तेझे नावाच्या खेड्यातला एक मठ.

सुरुवात कशी झाली?

१९४० साली २५ वर्षांचा स्विस तरुण रॉजर शुट्झ या गावात आला. महायुद्ध सुरू होतं आणि जर्मनव्याप्त फ्रान्सची हद्द इथून जवळच होती. त्याने एक घर घेतलं आणि ज्यूंसह अनेक निर्वासितांना आसरा दिला. युद्ध संपल्यावर त्याच घरात जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांचंही स्वागत झालं. १९४९ मध्ये सात जणांनी आजन्म व्रत घेतलं. ते प्रोटेस्टंट होते. पुढे कॅथलिकही सामील झाले.

१९६२ साली इथं 'समेटाचं चर्च' उभं राहिलं. ते बांधायला जर्मन तरुण आले होते, आपल्या देशाने युद्धात केलेल्या गुन्ह्यांचं प्रायश्चित्त म्हणून.

प्रार्थनेत काय असतं?

मंद उजेड, समोर मेणबत्त्या, बरेच जण जमिनीवरच बसलेले. गाणी एक-दोन ओळींची, पण भजनात ध्रुपद घोळवावं तशी पुन्हा पुन्हा म्हटली जातात. बायबलमधला छोटा उतारा वेगवेगळ्या भाषांत वाचला जातो. मग काही मिनिटं पूर्ण मौन. तेझेत शनिवारी रात्री प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असते. एकाची ज्योत दुसऱ्याच्या वातीला लागत जाते. येशूच्या पुनरुत्थानाची ही आठवण.

पण अशीच का?

तेझेला येणाऱ्या तरुणांची ना भाषा एक होती, ना पंथ. लांबलचक फ्रेंच गीतं त्यांना झेपेनात. म्हणून लॅटिनसारख्या भाषांतल्या छोट्या ओळी निवडल्या गेल्या. त्यातल्या कित्येकांना संगीतकार जाक बेर्तिए यांनी चाली दिल्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रभुभोजनाचा विधी एकत्र घ्यायचा की नाही, यावर ख्रिस्ती पंथांचं आजही एकमत नाही. गाणं, वाचन आणि मौन यांवर मात्र कुणाचाच आक्षेप नसतो. शिवाय ही प्रार्थना घ्यायला पाद्रीच लागतो असंही नाही. त्यामुळे जगभरात कॉलेजची पोरंपोरीही ती चालवतात.

१६ ऑगस्ट २००५ रोजी, संध्याकाळची प्रार्थना चालू असतानाच, ९० वर्षांच्या ब्रदर रॉजर यांची चाकूने हत्या झाली. मठ थांबला नाही. प्रोटेस्टंट संस्थापकानंतर प्रमुख झाले कॅथलिक ब्रदर अलोईस, आणि डिसेंबर २०२३ पासून ती जबाबदारी अँग्लिकन ब्रदर मॅथ्यू यांच्याकडे आहे. तीन प्रमुख, तीन पंथ, प्रार्थना एकच.