हाडाचा मुका मार

कबड्डीच्या चढाईत गुडघा पिरगळतो, काही तासांत टम्म सुजतो आणि एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. हाड शाबूत आहे म्हटल्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. राँटगेन यांना 1895 मध्ये क्ष-किरण सापडले, तेव्हापासून जवळजवळ शतकभर हाडाच्या दुखापतीचा निवाडा एक्स-रेवरच होत आला.

पण क्ष-किरणांना दिसतं ते मुख्यतः हाडातलं कॅल्शियम. गुडघ्यापाशी हाड आतून जाळीदार असतं आणि जाळीच्या पोकळ्यांत चरबीची मज्जा असते. जोराचा दणका बसला की जाळीतल्या बारीक काड्या मोडतात, मज्जेत रक्त आणि पाणी झिरपतं, पण वरचं कवच बहुधा अभंग राहतं. मग एक्स-रेत उमटणार काय?

लाउटरबर यांनी 1973 मध्ये एमआरआयची पहिली चित्रं प्रसिद्ध केली. हे यंत्र पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन टिपतं, म्हणून मज्जेतला बदल त्याला कळतो. तरी एक अडचण होतीच: मज्जेची चरबीही चमकते आणि तिच्या उजेडात ओलावा हरवतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातले बिडर आणि यंग यांनी 1985 मध्ये चरबीचा संकेत दाबून टाकणारी ‘स्टर’ पद्धत मांडली. आता मज्जा काळी आणि मार पांढराशुभ्र दिसू लागला. माझ्या मते या कथेतला खरा कलाटणीचा क्षण हाच. त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

पुढचं भराभर झालं. याओ आणि ली यांनी 1988 मध्ये एक्स-रेला चुकवणारी ही आतली मोड एमआरआयवर दाखवली, तर 1989 मध्ये मिंक आणि डॉइच यांनी गुडघ्यातल्या अशा छुप्या इजांची वर्गवारी केली.

त्यानंतर लक्षात आलं, की एमआरआयवरचा हा पांढरा डाग कुठे आहे यावरून इजा कशी झाली तेही सांगता येतं. पाय जमिनीत रुतलेला असताना मांडी वळली की पुढचा क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटतो. नडगीचं हाड पुढे सरकतं आणि मांडीच्या हाडाचं बाहेरचं टोक त्याच्या मागच्या बाजूवर आदळतं. तिथे समोरासमोर दोन डाग दिसले, की रेडिओलॉजिस्ट आधी एसीएल तपासतो. गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला आणि मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला दुखावलं असेल, तर वाटी सरकून पुन्हा जागेवर आली असावी. सँडर्स आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये असे पाच नमुने एकत्र मांडले.

हे डाग बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरतात. तुटलेला एसीएल मात्र सहसा आपोआप जुळून येत नाही. तेव्हा प्रशिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती: गुडघा लगेच सुजला असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर नुसत्या स्वच्छ एक्स-रेवर खेळाडूला मॅटवर उतरवू नका. आधी अस्थितज्ज्ञाकडून गुडघा हाताने तपासून घ्या आणि एमआरआय लागेल का, ते विचारा.