रीत आणि यंत्र

संगणक शिकणे म्हणजे यंत्राच्या कळा दाबावयास शिकणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी मानली तर अंबाडीसारख्या गावच्या मुलाने यंत्र हाती येईपर्यंत स्वस्थ बसावे, असे म्हणण्याची पाळी येईल. परंतु संगणकास जो विचार लागतो तो संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे, आणि आपल्या शाळांत त्याला एक साधे नावही आहे. ते नाव ‘रीत’.

मोठे काम लहान कामांत फोडावयाचे, त्यांचा क्रम लावावयाचा, थांबावयाचे कोठे ते आधी ठरवावयाचे, आणि हे सारे कोणत्याही आकड्यांस लागू पडेल असे मांडावयाचे, याला आपण रीत म्हणतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकापासून कुट्टकापर्यंत अशा रीती सांगितल्या आहेत. त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे तेथील १२०७ सालचा शिलालेख सांगतो. पुढे पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ होऊ लागली. हिशेब चोख झाले. पण रीत का चालते, हा प्रश्न बहुधा मागेच राहिला. रीत पाठ करणे निराळे आणि रीत घडविणे निराळे.

हा भेद ज्यांच्या कार्यात स्पष्ट दिसतो ते गणिती म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. माध्यमिक शिक्षण ठाण्यास, पुढील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तरकी, असा त्यांचा साधा जीवनक्रम होता. आपल्या भिवंडीजवळच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना संख्यांचा एक प्रकार सुचला, तेव्हा स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यास ‘डेम्लो संख्या’ म्हटले. रोजच्या प्रवासातही त्यांचे मन आकड्यांतील सारखेपणा शोधीत असे.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक रीत मांडली. चारही अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक एकदा उतरत्या व एकदा चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. त्यांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१ उरतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४ येतात. तेथून कितीही वेळा कृती करा, ६१७४ च राहतात. कोणत्याही संख्येस सातांहून अधिक खेपा लागत नाहीत.

हे सर्वच संख्यांबाबत खरे कशावरून? आरंभीची शून्ये धरून अशा संख्या ९,९९० होतात. संगणकास सांगितले तर तो त्या सर्व क्षणात तपासील. परंतु जरा थांबून पाहिले तर वजाबाकी दोनच गोष्टींवर अवलंबून आहे असे ध्यानात येते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकास ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकास ९० ने गुणावे आणि बेरीज करावी, तीच वजाबाकी. अशा फरकांच्या जोड्या अवघ्या ५४ भरतात. दहा हजारांच्या घरातले काम वहीच्या दोन पानांत मावले! अनावश्यक ते गाळून आवश्यक तेवढे हाती धरणे, हे या विचाराचे मर्म होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली सुरू झाला. कापरेकरांची रीत त्याहून अकरा वर्षे आधीची. कित्येक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

२००६ साली अमेरिकेतील जेनेट विंग यांनी असा आग्रह धरला की, वाचन, लेखन व गणन यांच्याच जोडीला ही विचारपद्धती प्रत्येक मुलास यावी. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिला स्थान मिळाले आहे. तिची बीजे आपल्या शिवारात आहेतच. राब भाजणे, पेरणी, चिखलणी, लावणी हा क्रम भातशेतकरी जाणतो. पाऊस लांबला तर कोणते काम अडवून धरावे, हेही जाणतो. त्याच्या मुलास रीत सांगून गुरुजींनी थांबू नये. ती का चालते, कोठे अडते, याहून सोपी होईल काय, हे त्यालाच विचारावे. एवढे झाले नाही तर संगणक गावात येतील, पण त्यांना आज्ञा देणारे बाहेरचेच राहतील.