एम्डेनच्या मागची बोट

चेन्नईला पोस्टिंग झाल्यावर एका रविवारी सेंट जॉर्ज किल्ल्याकडून हायकोर्टापर्यंत चालत गेलो, तिथल्या कुंपणभिंतीवरची पाटी बघायला. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन या जर्मन क्रूझरने मद्रासवर सुमारे १२५ गोळे टाकले. बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या, बंदरात माणसं मेली, हजारो लोक गाव सोडून पळाले. बिलंदर माणसाला तमिळमध्ये अजून 'एमडन' म्हणतात.

पाटीवर नाही ते नाव मार्कोमानिया. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनची साधी मालवाहू बोट, पोटात कोळसा. एम्डेनमध्ये जेमतेम ८०० टन मावायचा आणि वेग घेतला की तो भराभर संपायचा. जवळपास एकही बंदर जर्मनांचं नाही. तटस्थ डचही थारा देईनात. मग आडबाजूच्या बेटाशी दोन्ही बोटी एकमेकींना बांधायच्या आणि उन्हात पोती वाहायची. लाटेने बोटी आपटून पत्रे चेपायचे, ते वेगळंच.

खडकवासल्यात आम्ही लढाया घोकल्या. रसदीचं मोल मला कळलं ते डोंगरातल्या चौकीवर, डिझेलची गाडी दोन दिवस आली नाही तेव्हा. त्यामुळे कॅप्टन फॉन म्युलरच्या धाडसापेक्षा त्याचा कोळशाचा हिशेब मला मोठा वाटतो. कलकत्त्याकडून आलेली पोंटोपोरोस ही ग्रीक बोट त्याने कोळशासकट ताब्यात घेतली. पण आपला कोळसा फार धुरकट, लांबून दिसणारा. सप्टेंबरअखेर मिनिकॉयजवळ बुरेस्क सापडली: ६,६०० टन उत्तम वेल्श कोळसा, तोही ब्रिटिश नौदलासाठीच निघालेला!

आता मार्कोमानियाला मोकळं करता आलं. पोंटोपोरोसकडून कोळसा भरून घ्यायला तिला सुमात्राकडे पाठवलं. १२ ऑक्टोबरला ब्रिटिश क्रूझर यार्माउथने दोघींना गाठलं. मार्कोमानिया बुडवली, पोंटोपोरोस सोडवली. फॉन म्युलरकडे आता एकटी बुरेस्क उरली.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी त्याने तिला वायरलेसवरून कोळशासाठी बोलावलं. क्षितिजावर धूर दिसला, तेव्हा एम्डेनवर वाटलं, बुरेस्क आली. ती ऑस्ट्रेलियाची सिडनी होती.